इन्चार्ज सिस्टर, या चुका टाळा

नर्सिंग होम म्हटलं की आपल्याकडे दहा-वीस खाटांचं खासगी इस्पितळ डोळ्यांसमोर येतं. मी बोलतेय ते अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना कायमचं सांभाळणाऱ्या केंद्रांबद्दल. नव्या इन्चार्ज तिथे त्याच त्या चुका करतात आणि त्या म्हाताऱ्यांच्या अंगावर उमटतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चार्ट बघायचा आणि माणूस बघायचा नाही. पुण्यातल्या एका केंद्रात मी पहाटे राउंडला गेले. एका आजोबांच्या कूस बदलायच्या चार्टवर १०, १२, २, ४, ६ अशा सगळ्या सह्या झालेल्या. घड्याळात वाजले होते ५.२०. त्यांना कुशीवर घेतलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबून सोडला, तरी पांढरा पडेना. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी.

मी मावशींना सगळ्यांदेखत झापलं. ही माझी चूक. पुढचे दोन आठवडे कुणीच लाल डाग कळवला नाही, आणि एका आजींची जखम मला दिसली तेव्हा कातडी निघालेली होती. मग शांतपणे बसून विचारलं. रात्री १४ जणांमागे एकटी मावशी! सत्तर किलोचा माणूस ती एकटी कसा वळवणार? ओढूनच, आणि ओढलं की कातडी चादरीला घासते. ड्यूट्या मीच लावल्या होत्या.

आता रात्री जोडीच असते. आडव्या चादरीने उचलून वळवायचं, पाठीला उशी देऊन ३० अंशांचा कल, पोटरीखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी. चार्ट खाटेच्या पायथ्याशी, पेनासकट. स्पंजच्या वेळी पाठ मी स्वतः बघते. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, म्हणून जागा गरम किंवा कडक लागते का ते हात लावून बघते. डाग कळवणारीला आधी शाबासकी, बाकीचं नंतर.

एअर बेड आणला की कूस बदलायला सुट्टी, असं मानणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लाल जागेवर तेल-पावडर चोळू नका, आतली इजा वाढते. बुडाखाली हवेची रिंगही नको.

नळीतून फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि नंतर निदान अर्धा तास तशीच.

नाश्त्याचा ट्रे डोळ्यांना दिसल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचायचं नाही. नाश्त्याची गाडी उशिरा आली की रक्तातली साखर उतरते, आणि आजी नुसत्या झोपल्यात असं वाटतं.

ड्यूटी बदलतानाचा हँडओव्हर खाटेपाशी, टेबलावर नाही. ‘सगळं ठीक’ हा शब्द माझ्याकडे चालत नाही.

आणि पहिल्याच आठवड्यात दहा नवी रजिस्टरं काढू नका. मावशींचे हात लिहिण्यात अडकले तर वळवणार कोण? एका वेळी एकच गोष्ट धरा. मी पहिले दोन महिने फक्त टाचा बघत होते.