नेस्टेड लिस्ट उलटी करायच्या आधी एवढं बघून घ्या

मागच्या वेळी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, चित्र आरशात तसंच दिसतं का ते सांगणारा. ग्रिड म्हणजे ओळींची लिस्ट, लिस्टच्या आत लिस्ट, हीच नेस्टेड लिस्ट. तिची कॉपी घ्यायची, कॉपीतली प्रत्येक ओळ उलटी करायची, मूळ ग्रिडशी जुळवून बघायचं. झालं काय, तर कसलंही वेडंवाकडं चित्र टाका, उत्तर ट्रू! दोन तास त्या इफकडे डोळे फाडून बघत बसले आणि चूक होती कॉपीच्या ओळीत.

पायथन धरून सांगते. बरोबरचं चिन्ह टाकून कॉपी होत नाही, एकाच लिस्टला दुसरं नाव मिळतं, हे माहीत असेलच, पुढे चला.

पण स्लाइस, लिस्ट फंक्शन, डॉट कॉपी, या तिघांपैकी काहीही वापरलंत तरी नवी होते ती फक्त बाहेरची लिस्ट. आतल्या ओळी त्याच. परत सांगते, आतल्या ओळी त्याच राहतात, कॉपीतली ओळ उलटी केली की मूळचीही उलटी, म्हणून माझं दोन्हीकडे जुळत होतं. डीपकॉपी (आतल्या ओळींसकट सगळं नवं करणारी) वापरा, नाहीतर लूपमध्ये प्रत्येक ओळीची वेगळी कॉपी घ्या, पण दुसरा उपाय दोनच पातळ्यांपुरता, आत अजून एक लिस्ट असेल तर पुन्हा तेच रडगाणं.

आणि कॉपी झाली असं मानून पुढे जाऊ नका, तपासा. कॉपीतल्या पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात ९९ घाला आणि मूळ लिस्ट प्रिंट करा, तिथे ९९ दिसला की गेलात. घरातच घाला हं, अख्खी ओळ बदलून बघू नका, ती टेस्ट वरवरच्या कॉपीतही पास होते आणि आपण उगाच खूश होतो (मी झाले होते).

ग्रिड बनवली कशी तेही बघा. शून्यांची एक ओळ लिस्टमध्ये टाकून ती लिस्ट गुणिले ३ करून बनवली असेल तर ती एकच ओळ तीनदा आहे. इथे डीपकॉपीही वाचवत नाही, ती हे शेअरिंग जसंच्या तसं ठेवते. लूपमध्ये ती ओळ तीनदा उलटते म्हणून उलटी दिसते, ४ ओळी असत्या तर चारदा उलटून पुन्हा सुलट, आणि तुम्ही म्हणणार रिव्हर्स चालतच नाहीये.

मग नक्की काय उलटायचंय ते ठरवा. [[१,२],[३,४]] चं [[३,४],[१,२]] हवंय की [[२,१],[४,३]]? दोन्ही केलंत तर १८० अंशात फिरतं.

डॉट रिव्हर्स जागेवरच उलटं करतं आणि नन, म्हणजे काहीच नाही, परत देतं, त्याचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. उणे एकचं स्लाइस, [::-1], नवी लिस्ट देतं, पण परत तेच, बाहेरचीच नवी, आतल्या ओळी जुन्याच. हाताने अदलाबदल करत असाल तर लूप निम्म्यापर्यंतच, पूर्ण फिरवलात तर जैसे थे.

जावास्क्रिप्टवाल्यांनो, तुमचं रिव्हर्स मूळ ॲरेच बदलतं आणि तोच परत देतं. टू-रिव्हर्स्ड, स्प्रेड, सगळं बाहेरच्यापुरतं, स्ट्रक्चर्ड-क्लोन वापरा. जेसनची युक्ती, म्हणजे सगळ्याची जेसन स्ट्रिंग करून परत वाचायची, ती तारखांची स्ट्रिंग करून टाकते.

बाकी रिकामी लिस्ट, एकच ओळ, कमीजास्त लांबीच्या ओळी, एकदा चालवून बघा. आणि ९९ काढायला विसरू नका.