शेवळाचं पान आणि फूल एकाच फेरीत भेटत नाही

बॉटनीला नवीन आलेल्या दोघातिघांनी विचारलं की अरेसी, म्हणजे सुरण-अळू यांची फॅमिली, आपलं सुरण कुल, ओळखायला कुठून सुरुवात करू, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एस.वाय.ला असताना ऑगस्टमध्ये रायगडच्या एका रानातून मी एक पान आणलं होतं. छत्रीसारखं पसरलेलं, देठावर ठिपके. सरळ सुरण असं लेबल लावून हर्बेरियमची शीट (वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) तयार केली. सरांनी एकच प्रश्न विचारला, "याचं फूल बघितलंस का?" नव्हतं बघितलं. मग पुढच्या वर्षी पहिला पाऊस झाल्या झाल्या त्याच जागी गेलो तर पानाचा पत्ता नाही, जमिनीतून नुसते लांब दांडे वर आलेले आणि एक मावशी ते खुडून टोपलीत टाकत होत्या. म्हणाल्या, "शेवळं हाय ती, पान मागनं येतं." ते सुरण नव्हतंच, सुरणाच्याच कुलातला शेवळा होता, ज्याची पावसाच्या सुरुवातीला रानभाजी करतात तो.

नवीन माणूस इथंच चुकतो. या कुलातल्या बऱ्याच कंदवाल्या झाडांना फूल आधी आणि पान नंतर येतं, त्यामुळे एकाच ट्रिपमध्ये दोन्ही हातात येत नाही. जागा खुणेनं लिहून ठेवायची, जीपीएस घ्यायचा आणि दोनदा जायचं. शेवळासाठी मृगाच्या आगेमागे एकदा आणि पान पुरतं उघडलं की पुन्हा. देठाला हात लावून बघा, सुरणाचा देठ खरखरीत, पुटकुळ्या असलेला लागतो, शेवळाचा गुळगुळीत. फुलात तर गोंधळ व्हायचं कारणच नाही. सुरणाचं फूल जमिनीला टेकलेलं आणि वरचा भाग जांभळट, सुरकुतलेला गोळा. शेवळाला उंच दांडा आणि वर निमुळतं लांब टोक.

आता ज्याला आपण फूल म्हणतोय ते एक फूल नाहीच, हे पक्कं डोक्यात बसवा. बाहेरचं गुंडाळलेलं पान म्हणजे स्पेथ, मराठी पुस्तकात महाच्छद, आणि आतला जाड दांडा म्हणजे स्पॅडिक्स. खरी फुलं त्या दांड्याच्या खालच्या भागात बारीक दाण्यांसारखी चिकटलेली असतात. घरी शेवळं साफ करताना आतला पिवळट दाणेदार भाग काढून टाकतात ना (आणि मग खाज जावी म्हणून काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालून भाजी करतात), तर तो टाकलेला भागच आपल्याला हवा असतो. ब्लेडनं स्पेथ उभा चिरा, १०x ची लेन्स लावा आणि खालून वर वाचत जा. सगळ्यात खाली मादी फुलं, त्यांच्यावर नर, कधी दोघांच्या मधे वांझ फुलं, आणि टोकाला फुलं नसलेला भाग आहे की नाही. हा क्रम वहीत चित्र काढून लिहिला की जीनस, म्हणजे झाडाची प्रजाती, बरेचदा तिथंच सुटतो.

उदाहरणार्थ अळू. अळूच्या पानाचा देठ खाचेत जोडलेला नसतो, थोडा आत, पानाच्या मागच्या बाजूला जोडलेला असतो. बागेत लावतात त्या अळूसारख्याच दिसणाऱ्या झँथोसोमाचा देठ मात्र अगदी खाचेतच असतो. अलोकेशिया या याच कुलातल्या आणखी एका झाडाची लहान रोपं अळूसारखीच दिसतात त्यामुळे नुसत्या पानावर विसंबू नका, स्पॅडिक्स बघा. अळूला टोकाशी वांझ भाग असतो, झँथोसोमात नर फुलं थेट टोकापर्यंत जातात.

खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, देठाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवलात की जुड्याच्या जुड्या दिसतात. कच्चं काही चाखून बघू नका, हातमोजे वापरा. वेखंडात या सुया नसतात. जुन्या पुस्तकांत वेखंड याच कुलात सापडेल पण आता त्याचं वेगळं कुल आहे, आणि उलट डबक्यातली डकवीड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी ती बारीक हिरवी पानं, आता अरेसीत आली आहे, म्हणून कोणतं पुस्तक किती सालचं हे आधी बघत जा.

नमुना नुसता दाबून वाळवला तर स्पेथचा लगदा होतो आणि रंगही जातो. ताजेपणी फोटो, मोजमाप, वास, रंग सगळं लिहा आणि एक फूल स्पिरिटमध्ये ठेवा. कंद उपटू नका, आणि वनखात्याची परवानगी असल्याशिवाय काहीच तोडू नका.

शेवटी याच कुलातल्या सापकांद्याबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त जीव त्याच्यात आहे. जूनमध्ये सह्याद्रीत पांढरा फणा काढून उभा राहतो. याच्यात नर आणि मादी झाडं वेगळी, आणि कंद लहान असताना नर असलेलं झाड कंद पोसला की मादी होतं. बारीक माशा स्पेथमध्ये शिरतात. नर फुलाच्या स्पेथला तळाशी छोटी फट असते, तिथून माशी पराग घेऊन सुटते. मादीला ती फट नसते, माशी आतच अडकते. पहिल्यांदा ही फट लेन्समधून दिसली तेव्हा मी भर पावसात अर्धा तास तिथंच उकिडवा बसून होतो. त्या झाडाशेजारी खूण म्हणून टॅग लावून ठेवलाय, तेव्हा ते नर होतं, दरवर्षी जूनमध्ये जाऊन बघतो, अजून नरच आहे.