दोन एएसच्या पार मल्टिकास्ट व्हीपीएन न्यायचं असेल तर आधी आरपीएफ पक्कं करा

समजा नागपूरच्या मिहानमधल्या कस्टमरचा लाइव्ह फीड पुण्याच्या ब्रँचेसना मल्टिकास्टनं, म्हणजे एकदाच पाठवून अनेकांना, द्यायचा आहे. नागपूर ते मुंबई आपला बॅकबोन, एएस (ऑटोनॉमस सिस्टम, म्हणजे एका प्रोव्हायडरचं स्वतंत्र नेटवर्क) ६४५००, आणि मुंबईपासून पुढे दुसरा प्रोव्हायडर, एएस ६४५०१. युनिकास्ट (एकाकडून एकालाच जाणारं) व्हीपीएन मस्त चालू आहे, पिंग जाऊन राहिला, पण पुण्यात स्क्रीन काळीच. काहून? हे एकदा डोक्यात बसलं की कॉन्फिग शोधत बसावी लागत नाही.

युनिकास्टमध्ये पॅकेट कुठं जायचं तेवढंच राउटर बघतो. मल्टिकास्टमध्ये तो मागं बघतो, म्हणजे सोर्सकडे जायचा रस्ता ज्या इंटरफेसवरून आहे तिथूनच पॅकेट आलं का, नसेल तर सरळ ड्रॉप. यालाच आरपीएफ (रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग) चेक म्हणतात. एएसची हद्द ओलांडली की हा चेक दोन जागी फसतो, आणि बहुतेक रात्री त्यातच जातात.

दोन एएस जोडायच्या ठरलेल्या पद्धतींना ऑप्शन ए, ऑप्शन बी म्हणतात. दोन-चारच व्हीआरएफ (राउटरमधलं एकेका कस्टमरचं वेगळं राउटिंग टेबल) असतील तर ऑप्शन ए करा आणि मोकळे व्हा. एएसबीआर (एएसच्या हद्दीवरचा राउटर) टू एएसबीआर प्रत्येक व्हीआरएफला एक सब-इंटरफेस, त्यावर पीआयएम (मल्टिकास्टचा राउटिंग प्रोटोकॉल) चालू, समोरचा एएसबीआर आपल्याला सीईसारखाच (कस्टमरच्या राउटरसारखाच) दिसतो आणि दोघांचे एमडीटी (कस्टमरचं मल्टिकास्ट कोअरमधून नेणारे टनेल) आपापल्या हद्दीतच राहतात. कस्टमर वाढले की मात्र सब-इंटरफेसचं ओझं होतं, मग ऑप्शन बी, म्हणजे सगळ्या व्हीआरएफचे रूट एएसबीआर एकाच लिंकवर बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलनं देतात.

ऑप्शन बी मध्ये पहिली अडचण कोअरमध्ये येते. आपल्या पीईला (कस्टमर जोडलेला आपला राउटर) पुण्याच्या पीईच्या लूपबॅककडे (राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता) पीआयएम जॉइन, म्हणजे प्रवाहाची मागणी, पाठवायचा आहे, पण तो लूपबॅक आपल्या पी (कोअरच्या आतल्या) राउटर्सना माहीतच नाही. म्हणून दोन्हीकडच्या पीईवर आरपीएफ व्हेक्टर लावायचा, सिस्को आयओएसवर 'आयपी मल्टिकास्ट व्हीआरएफ' नंतर व्हीआरएफचं नाव आणि पुढे 'आरपीएफ प्रॉक्सी आरडी व्हेक्टर'. मग जॉइनमध्येच आपल्या एएसबीआरचा पत्ता जातो, पी राउटर त्याच्याकडे बघून जॉइन पुढं ढकलतो. त्यासाठी बीजीपीची एमडीटी ॲड्रेस फॅमिली (एमडीटीची माहिती नेणारा भाग) पीई, रूट रिफ्लेक्टर (बीजीपीचे रूट बाकीच्यांना पोचवणारा राउटर) आणि दोन्ही एएसबीआर अशी शेवटपर्यंत चालू पाहिजे, एका जागी राहिली तर साखळी तुटली. डीफॉल्ट एमडीटीचा ग्रुप दोन्हीकडं सेम ठेवा, २३२.१.१.१ सारखा एसएसएम (सोर्स आधीच ठरलेलं मल्टिकास्ट) रेंजमधला, म्हणजे आरपी (सोर्स आणि रिसीव्हर जुळवणारा राउटर) नको आणि आरपींना एकमेकांचे सोर्स कळवणारा एमएसडीपीही नको.

दुसरी अडचण व्हीआरएफच्या आत. कस्टमरच्या सोर्सचा व्हीपीएनव्ही४ रूट (बीजीपीतून येणारा व्हीपीएनचा रूट) येतो तेव्हा नेक्स्ट हॉप एएसबीआर झालेला असतो, पण टनेलवर पीआयएम नेबर असतो मूळ पीई, दोघं जुळत नाहीत. इथं बीजीपीचा कनेक्टर ॲट्रिब्यूट कामी येतो, त्यात मूळ पीईचा पत्ता जसाच्या तसा राहतो. बीजीपी टेबलमध्ये तो रूट उघडून कनेक्टर दिसतो का हे स्वतः बघा, गृहीत धरू नका.

आणि एक गोष्ट भाऊ, एएसबीआरमधल्या लिंकवर पीआयएम स्पार्स मोड लावा. ऑप्शन बी ला तिथं एमपीएलएस (लेबलवर पॅकेट नेणं) आणि ईबीजीपी (दोन एएसमधलं बीजीपी) एवढंच लागतं असं वाटतं, पण डीफॉल्ट एमडीटीचं पॅकेट लेबलवर नाही, जीआरई या टनेलच्या आवरणात गुंडाळून साध्या मल्टिकास्टसारखं जातं.

आता तपासा. दोन्ही टोकाच्या पीईवर व्हीआरएफची पीआयएम नेबर लिस्ट बघा, समोरचा पीई दिसला तर कोअर ठीक. नाही दिसला तर कस्टमरच्या सीईला हातही लावू नका, मागं जाऊन एकेका राउटरवर 'शो आयपी आरपीएफ' करत एएसबीआरपर्यंत या.

नवंच नेटवर्क उभं करत असाल तर मी २०१२ च्या आरएफसी ६५१३ आणि ६५१४ वाली बीजीपी पद्धत घेईन. त्यात टनेल सेगमेंट करता येतो, म्हणजे आपल्याकडं एमएलडीपी आणि त्यांच्याकडं आरएसव्हीपी-टीई (दोन्ही टनेल उभारायचे वेगवेगळे प्रोटोकॉल) असलं तरी एएसबीआरवर जोड लागतो, आणि समोरच्याला त्याचं कोअर बदलायला सांगावं लागत नाही.

शेवटी एमटीयू, म्हणजे लिंकवर मावणारं सर्वात मोठं पॅकेट. जीआरईचे २४ बाइट वर चढतात. व्हिडिओचं पॅकेट साधारण १८८ बाइटचे ७ तुकडे, म्हणजे १३१६, त्यावर यूडीपी-आयपीचे २८ आणि जीआरई धरूनही १३६८, आरामात बसतं. पण त्याच कस्टमरनं १५०० बाइटची पॅकेट्स मल्टिकास्टवर टाकली तर ती १५२४ होतात आणि १५०० च्या लिंकवर अडकतात, म्हणून एएसबीआर लिंकचा एमटीयू दोन्ही बाजूंनी वाढवून घ्या आणि मोठं पॅकेट टाकून बघितल्याशिवाय लिंक हँडओव्हर करू नका.