बुद्धिबळात हरलेल्या डावावरून ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) कसं सुधारायचं, माझी पद्धत

इथे बडोद्यात रविवारी आमचे डाव संपले की आम्ही चार-पाच जण सेव उसळ खायला जातो आणि तिथेच चर्चा सुरू होते, की तू अठराव्या चालीला हत्ती फुकट घालवलास म्हणून हरलास. मलाही आधी तेच वाटायचं, पण बऱ्याचदा डाव पाचव्या-सहाव्या चालीलाच बिघडलेला असतो आणि आपण तिकडे बघतच नाही.

तर घरी आल्यावर लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. इंजिन बाण दाखवतं, आपण "हां बरोबर" म्हणतो आणि पुढच्या रविवारी परत तीच चूक करतो. त्यापेक्षा स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहिलेला कागद) घ्या, खरा पट मांडा आणि पहिल्या १०-१२ चालींसमोर पेन्सिलीने लिहा, की ही चाल पाठ होती, विचार करून खेळलो, का नुसती बरी वाटली. जिथे पहिल्यांदा "बरी वाटली" येतं तिथेच थांबायचं.

माझाच डाव घ्या, मी काळ्याकडून होतो. (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; ई४ वगैरे पटावरच्या घरांची नावं, मोहऱ्याचं नाव नसेल तिथे प्यादं.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि समोरच्या काकांनी घोडा जी५ला आणला. माझ्या राजाशेजारच्या एफ७वर त्यांचा घोडा आणि उंट दोघांचा डोळा, म्हणून मी डी५ खेळलो, उंटाची वाट अडली, इथपर्यंत पाठ होतं. त्यांनी प्याद्याने डी५ मारलं आणि मी घोड्याने परत मारलं, का तर प्यादं परत मिळतंय ना. कागदावर "बरी वाटली".

आता पटावर बघा, त्यांचा घोडा एफ७ मारतो, राजाने घेतला की वजीर एफ३ला येऊन शह देतो आणि माझ्या डी५च्या घोड्यावरही हल्ला करतो. घोडा वाचवायचा तर राजाला ई६ला उघड्यावर यावं लागतं, वर त्यांचा दुसरा घोडा सी३ला आला की माझ्या डी५च्या घोड्यावर आणखी दाब येतो. मग अठराव्या चालीला हत्ती गेला यात नवल काय.

हे स्वतः हलवून बघितल्यावरच लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवरचा ओपनिंग एक्सप्लोरर (कुठल्या स्थितीत लोक कुठली चाल खेळले ते दाखवणारा) उघडा, फुकट आहे, आणि तिथे रेटिंगचा (खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याचा) फिल्टर आपल्या लेव्हलचा लावा म्हणजे समोरचे लोक खरंच काय खेळतात ते दिसतं. तिथे पाचव्या चालीला, घोड्याने डी५ मारण्याऐवजी, सी६चा घोडा ए५ला गेलेला दिसतो. नुसती पाठ करू नका, "का" ते शोधा. उंटावर हल्ला होतो, तो बी५ला शह देतो, आपण सी६, त्याने मारलं की बी प्याद्याने मारायचं, उंटाला परत पळावं लागतं, मग एच६ने घोड्यालाही हाकलायचं. एक प्यादं कमी आहे खरं, पण त्याचे मोहरे मागे मागे जातात आणि तेवढ्यात आपले बाहेर येतात. हे मला समजायला दोन संध्याकाळी लागल्या, लागू द्या.

इंजिन आता लावा, फक्त आपला हिशोब तपासायला.

शेवटी वहीत एकच ओळ, ओपनिंगचं नाव, चाल आणि कारण. एका डावातून एकच बदल, जास्त नको. आणि पुढच्या रविवारी त्याच काकांना सांगा, "काका, परत तेच खेळू या ना, मी काळ्याकडून." मी सांगितलं, ते लगेच तयार झाले, आणि यावेळी माझा घोडा ए५ला गेला.