मुलांना फोनवर बोलायला शिकवताय? या चुका टाळा

लेक दुसरीत होती. मी आंघोळीला, फोन चार्जिंगला. वाजला, तिने उचलला. मी बाहेर येईपर्यंत पलीकडच्या माणसाला कळलं होतं की बाबा चेन्नईला गेलेत ते शुक्रवारी येणार, आजी पारायणाला गेलीय, आई आंघोळ करतेय आणि आमचं घर देवळामागे, तिसऱ्या मजल्यावर आहे. फोन सोफे धुऊन देणाऱ्याचा निघाला, म्हणून निभावलं. चूक तिची नव्हतीच. ‘मोठ्यांनी विचारलं की नीट उत्तर द्यायचं’ हे आम्हीच घोकून घेतलं होतं.

आता घरात एकच वाक्य चालतं : “आई कामात आहे. आपण कोण बोलताय? निरोप देते.” मी घरी असो वा नसो, तेच. पत्ता विचारला तर, “आई फोन करेल.”

‘अनोळखी नंबर उचलायचाच नाही’ हा शॉर्टकट मला पटत नाही. बाबांच्या फोनची बॅटरी संपली आणि त्यांनी रिक्षावाल्याच्या फोनवरून लावला तर?

‘सांग, बाबा घरी नाहीत’ हे तर बंदच करा. पोरगं ‘बाबा म्हणतायत, बाबा घरी नाहीत’ म्हणतं, आपण हसतो. पण फोनवर खोटं चालतं हे ते शिकलं. उद्या ‘कोणाचा फोन होता?’ विचाराल तेव्हा खरं का सांगेल?

कार्टूनसाठी फोन दिलाय आणि मध्येच कोणी गोड आवाजात म्हणतं, “बेटा, आत्ता मेसेज आला ना, त्यातले आकडे वाच बघू.” नुकतं वाचायला लागलेलं मूल अभिमानाने वाचतं. मेसेजमधले आकडे घरच्यांशिवाय कोणालाही नाहीत, हे पाढ्यासारखं पाठ हवं. पैसे गेलेच तर रडत न बसता लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

फोन कानाला लावून ‘आईऽऽऽ’ ओरडणं : आधी फोन खाली धरायचा. ‘ठेवू का?’ न विचारता कट करणं : आजीला लागतं ते. व्हिडिओ कॉलवर बळजबरीने कविता म्हणायला लावणं : ही चूक आपली.

११२ हा आपत्कालीन नंबर पाठ करून घेतात, पण लॉक असलेल्या स्क्रीनवरूनही तो लागतो हे दाखवत नाहीत. बटण कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तीही सांगून ठेवा.

एका रविवारात हे सगळं उरकायला निघालेले पालक पाहिले की मला हसू येतं. व्हिडिओ दाखवून तर काहीच होत नाही. मी नवऱ्याच्या जुन्या नंबरावरून, आवाज बदलून, स्वयंपाकघरातून फोन करायचे. तीन आठवडे ती रोज फसली. चौथ्या आठवड्यात कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात लिहिलेलं सापडलं : ‘कोणीतरी काकू. नाव सांगत नाही. ठेवला.’