रॅलीचं इंजिन बांधायला शिकताय? या चुका टाळा

गॅरेजला येणाऱ्या नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, मॅपिंग (लॅपटॉपवरून इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) कधी शिकवणार?" पाना धरता येत नाही, पण लॅपटॉप हवा. आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढलेला मुलगा कधीही परवडतो.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते जोडातून ऑइल गळू नये म्हणून सिलिकॉनची पेस्ट थापणाऱ्यांवर. नाशिकजवळच्या एका रॅलीत शेजारच्या टीमची जिप्सी एक स्टेज, म्हणजे रॅलीचा एक टप्पा, संपवून सर्व्हिसला, म्हणजे मधल्या दुरुस्तीच्या थांब्यावर, आली ती ऑइलचा दिवा लुकलुकतच. "वायर लूज असेल" म्हणत पोरांनी तशीच पुढे सोडली. पुढच्या स्टेजला पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड ठोकायला लागला आणि गाडी दोर बांधून परत आली. चेंबर (इंजिनखालचा ऑइलचा डबा) उतरवला तर ऑइल पंपाच्या जाळीत शेवयांसारखे सिलिकॉनचे धागे अडकलेले. बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग तांब्यापर्यंत घासलेलं, क्रँकवर नख अडकेल असे चरे. चेंबर बसवणारा मुलगा म्हणतो, "गळू नये म्हणून जरा जास्त लावलं." जरा! बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, आणि आतलं पुसायला कुणी जात नाही. जुनं खरवडा, थिनरने पुसा, दोन-तीन मिलिमीटरची एकच सलग रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढा. बास. आमच्याकडे ट्यूब माझ्या खिशात असते, लागली की मागायची. आणि ऑइलचा दिवा लागला की आधी इंजिन बंद, वायर नंतर.

नवी पिस्टन रिंग पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवू नका. आधी बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, घाला, पिस्टन उलटा धरून थोडी खाली ढकला म्हणजे ती सरळ बसते, मग फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधला गॅप बघा. आमचा जुना हिशोब इंचाला चार थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे जिप्सीच्या 74 मिलिमीटर बोअरला साधारण 0.30 मिलिमीटर. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. "कंपनीने मापूनच दिली असेल" हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही.

डायनोच्या, म्हणजे इंजिनची ताकद मोजायच्या यंत्राच्या, कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून हुरळणं ही तिसरी चूक. रॅलीत हेअरपिनमधून बाहेर पडताना गाडी ओढली पाहिजे. वर्ल्ड रॅलीतल्या 1.6 लिटर टर्बो गाड्यांना 2016 पर्यंत 33 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा अडवणारं ठरावीक मापाचं भोक) होता, 2017 मध्ये तो 36 झाला आणि ताकद 300 वरून 380 हॉर्सपॉवरच्या आसपास गेली. हवाच मोजून मिळते तिथे वरच्या आरपीएमला कितीही ओरडा, हाती काही लागत नाही. मधला टॉर्क भरा.

एअर फिल्टरच्या बॉक्सला फट राहिली तर आपल्याकडची धूळ रिंगा खाऊन टाकते. हेडचे बोल्ट अंदाजाने कसू नका, टॉर्क रेंच भिंतीला टांगायला घेतलेला नसतो. एफएमएससीआयचे, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे, टेक्निकल नियम दर सीझनला नव्याने वाचा, नाहीतर जिंकलेली गाडी स्क्रुटिनीत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या तपासणीत, बाद होते.

बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं असेल तर स्पार्क प्लग काढा, इंजेक्टरचे कनेक्टर सोडा आणि गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरने थांबत थांबत फिरवा. मोबाइलवर व्हिडिओ काढायचाच असेल तर तो त्यानंतर.