मिल्नेशियम टार्डिग्रेडम: जलअस्वलाची जात आणि तिचा भौगोलिक विस्तार कसा ठरवावा

लुई द्वायेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये मिल्नेशियम टार्डिग्रेडम या जलअस्वलाचे (टार्डिग्रेड, म्हणजे आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्याचे) वर्णन केले. त्यानंतरची सुमारे दीडशे वर्षे, जगात कुठेही सापडलेल्या जवळजवळ प्रत्येक मिल्नेशियमला अभ्यासकांनी हेच नाव दिले आणि ‘ही जात जगभर आढळते’ असा शेरा एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत गेला. ही जात कुठे राहते हे सांगायचे असेल, तर हातातला प्राणी खरोखर त्याच जातीचा आहे का, हे आधी ठरवावे लागते. म्हणून खालील पायऱ्यांमध्ये नकाशा शेवटी येतो.

सुरुवात नमुन्यापासून करावी. भिंतीवरचे, झाडाच्या सालीवरचे किंवा कातळावरचे मॉस (आपण सरसकट ज्याला शेवाळ म्हणतो त्यातलेच) कागदी पाकिटात घेऊन वाळू द्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याला बुरशी धरते. नंतर ते रात्रभर पाण्यात भिजवून भांड्यात पिळावे, गाळ खाली बसू द्यावा आणि तो काचेच्या बशीत घेऊन वीस ते चाळीस पट वर्धनाखाली पाहावा. आठ आखूड पायांवर डुलत चालणारा प्राणी दिसला की तो बारीक ड्रॉपरने अलगद उचलावा. मिल्नेशियम इतर बहुतेक जलअस्वलांपेक्षा मोठे असते; पूर्ण वाढलेला नमुना कधी कधी जवळपास एक मिलिमीटर भरतो. ते शिकारी आहे, त्यामुळे त्याच्या पोटात चक्रधर प्राण्यांचे (रोटिफर या सूक्ष्म जलचरांचे) जबडे सापडले तर नवल वाटू नये.

आता वर्गीकरणाची उतरंड. टार्डिग्रेडा हा संघ आहे. ज्यांच्या डोक्यावर केसांसारखे तंतू आणि अनेकदा पाठीवर चिलखती पट्ट्या असतात, ते हेटेरोटार्डिग्रेडा वर्गात जातात. मिल्नेशियमला तसे काही नसते. त्याला यूटार्डिग्रेडा वर्गातील अपोकेला गणात, मिल्नेसिडी कुलात ठेवले जाते. २०१९ मध्ये या गणासाठी अपोटार्डिग्रेडा हा वेगळा वर्ग सुचवला गेल्याने नव्या लेखनात तेही नाव भेटते. प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस; येथे मिल्नेशियम) ओळखणे सोपे आहे: तोंडाभोवती सहा बोथट उंचवटे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक, रुंद मुखनलिका, आणि ज्यात कठीण दाणे नाहीत अशी पेअरच्या आकाराची ग्रसनी. येथपर्यंत फारशी चूक होत नाही.

खरी परीक्षा नखांची. प्राणी हॉयरच्या माध्यमात (काचपट्टीवर नमुना पक्का बसवणाऱ्या द्रावणात) बसवून, फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक भाग उठावदार दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या भिंगाने हजारपट वर्धनावर प्रत्येक पाय पाहावा. प्रत्येक पायावर दोन लांब, सडपातळ मुख्य शाखा दिसतात आणि त्यांच्यापासून पूर्ण सुट्या असलेल्या दोन आखूड दुय्यम शाखा. मोजायची असतात ती या आखूड शाखांची टोके. मिल्नेशियम टार्डिग्रेडममध्ये पहिल्या तीन जोड्यांच्या पायांवर बाहेरच्या शाखेला दोन आणि आतल्या शाखेला तीन, तर चौथ्या जोडीवर पुढच्या शाखेला तीन आणि मागच्या शाखेला दोन टोके असतात. हे सूत्र [२-३]-[३-२] असे लिहितात. पाठीची त्वचाही गुळगुळीत असावी लागते. टोके मोजताना भिंगाचा फोकस सावकाश वरखाली करावा, कारण तिसरे टोक दुसऱ्याच्या मागे दडते आणि घाईत ‘दोन’ अशी नोंद होऊन बसते.

येथे दोन सापळे आहेत. नराच्या पहिल्या जोडीवरची नखे बदलून जाड आकड्यांसारखी झालेली असतात, म्हणून तो पाय मोजणीत धरू नये. दुसरा सापळा अधिक फसवा आहे: काही जातींमध्ये पिल्लाच्या आणि प्रौढाच्या नखांवरील टोकांची संख्या वेगळी असते, आणि हा बदल कात टाकताना होतो. त्यामुळे एकुलत्या एका लहान नमुन्यावरून जात जाहीर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्य असल्यास काही प्राणी अल्कोहोलमध्ये राखून सीओआय व आयटीएस-२ या डीएनए खुणा तपासून घ्याव्यात. डीएनए काढल्यानंतर उरलेले त्वचेचे रिकामे कवच काचपट्टीवर बसवता येते, म्हणजे एकाच प्राण्याचे रूप आणि अनुक्रम दोन्ही हाती राहतात. हा खटाटोप वाया जात नाही, कारण पोलंडमधील क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठातील अभ्यासकांना २०२० मध्ये असे दिसले की, या प्रजातीत बाह्य लक्षणांवरून जुळवलेली नाती आणि डीएनएवरून निघणारी नाती जुळत नाहीत.

मग विस्ताराकडे वळावे. कोणतीही नोंद वाचताना तिचे वर्ष आधी पाहावे. १९९० च्या आसपासपर्यंत या प्रजातीत एकच जात मानली जात होती. पुढे नव्या जाती वेगळ्या होत गेल्या आणि आज त्यांची संख्या चाळीसच्या वर आहे. २०१२ मध्ये जर्मनीतील नमुना निओटाइप (मूळ नमुन्याच्या जागी ठरवलेला प्रमाण नमुना) म्हणून निवडून मूळ जातीचे नव्याने वर्णन झाले. त्यामुळे त्याआधीच्या यादीत ‘मिल्नेशियम टार्डिग्रेडम’ असे दिसले, मग ती यादी भारतातली असो वा ब्राझीलमधली, तर त्याचा अर्थ ‘मिल्नेशियम, जात अनिश्चित’ एवढाच घ्यावा. प्रजाती अंटार्क्टिकासह सर्व खंडांत आहे. जात मात्र प्रामुख्याने युरोपातून खात्रीने नोंदली गेली आहे. वाळून रांजणासारखे आकसलेले जलअस्वल वाऱ्याबरोबर दूर जाऊ शकते आणि नराशिवाय पुनरुत्पादन करणाऱ्या मादीला एकटीने वसाहत उभारता येते, हे खरे. तरीही २०२१ च्या जागतिक अभ्यासात या प्रजातीच्या बहुतेक शाखा ठरावीक भूभागांपुरत्याच मर्यादित असल्याचे दिसले.

स्वतःची नोंद करताना अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, मॉस कशावर वाढले होते, तारीख, नखांचे सूत्र आणि किती प्रौढ नमुने तपासले हे सर्व लिहावे. सह्याद्रीतल्या कातळावर [२-३]-[३-२] सूत्राचा, गुळगुळीत पाठीचा प्राणी मिळाला, तरी डीएनए जुळेपर्यंत पाकिटावर ‘मिल्नेशियम एसपी.’ (म्हणजे जात अनिश्चित) एवढेच लिहून ठेवावे आणि काचपट्टीवर त्याच पाकिटाचा क्रमांक टाकावा.